बिननावाचं औषध

तान्ह्या बाळाचं पोट दुपारपासून तट्ट फुगलं होतं आणि रडणं काही थांबत नव्हतं. दिवेलागणीला शेंबगम धावतच काष्ठौषधींच्या दुकानात गेली आणि म्हणाली, "वेखंड द्या."

दुकानदाराचा हात बरणीवरच थबकला. कुंभकोणमात दिवे लागल्यावर त्या मुळीचं नाव कुणी घेत नाही. घेतलं तर औषध उलटतं. 'बिननावाचं द्या' म्हणायचं असतं. एरवी गावभरच्या गप्पा मारणाऱ्या त्या माणसाने मुकाट्याने पुडी बांधली.

घरी येऊन तिने मुळी दिव्यावर जाळली, उगाळली आणि बाळाच्या बेंबीभोवती लावली. थोड्या वेळाने बाळाला वारा सरला आणि ते गप्प झालं. एकदम गप्प.

"आत्याबाई," ती सासूला म्हणाली, "मी दुकानात नाव घेतलं हो त्याचं."

"एवढी शिकलीस ती कशाला?" सासू फणकारली. "झोपलाय तो. मी नाही मानत असलं काही."

बोलता बोलता तिने बाळाच्या नाकाशी बोट धरलं. कोमट श्वास बोटाला लागत होता. चुलीवरचा भात उतू गेला, मग करपला, तरी ते बोट तिथून हललं नाही.