लाल रेशमाचा डोळा

दातांच्या कवळ्या करता करता डॉक्टरीणबाई नकली डोळेही करू लागल्या होत्या. नकली डोळा खऱ्याच्या जोडीला शोभलाच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. टपाल कचेरीतले मवाळ अण्णा उजव्या डोळ्याचं माप द्यायला आले, तेव्हा सर्दीने त्यांचा डावा डोळा लालबुंद झाला होता. सर्दी काय, आज आहे उद्या नाही! पण बाईंनी लाल रेशमाचे बारीक धागे बसवून शीर न् शीर हुबेहूब उतरवली.

डोळा बसवल्यावर आठवड्याने अण्णा बायकोला, म्हणजे काकूंना, घेऊन दाखवायला आले. डावा डोळा निवळला होता, उजवा मात्र आग ओकत होता. बाईंनी कपाळावर हात मारला. “चुकलंच माझं! नवा करून देते.”

“मुळीच नको!” अण्णांनी डोळा तळहाताने झाकला. “तीस वर्षं खिडकीवर मला कुणी भीक घातली नाही. आता सगळे मुकाट रांगेत उभे राहतात. साहेबसुद्धा ‘अहो अण्णा’ म्हणतात!”

“आणि घरी?” बाईंनी काकूंकडे पाहिलं.

“घरी मी ह्यांच्या डाव्या बाजूला बसते,” काकू शांतपणे म्हणाल्या. “तो डोळा अजून मला घाबरतो.”