पाचवा गोटा

मोदुमगुड्याला जायचं म्हटलं की माझे गुडघे आधी रजा मागतात. त्यात एप्रिल महिना, वय पन्नाशीचं, हिवतापाने फुगलेली प्लीहा, आणि जंगल खात्यातला डिप्टी म्हणजे कोणीही कुठेही पिटाळावा असा माणूस. जमीनदारी गेली, सरकार आलं, साहेब बदलले. अहेरीच्या रानात पायपीट करायची ती मात्र मीच.

पंचावन्न सालच्या त्या खेपेला निदान ट्रक होता. पुण्याहून सुभेदार शेलार आले होते. फौजेतून निवृत्त झालेला, साताऱ्याकडचा, कमी बोलणारा माणूस. लढाईच्या काळात मेलेल्या शिपायांच्या कबरी देशभर कुठे कुठे विखुरलेल्या होत्या. त्या उकरायच्या, हाडं पेटीत भरायची आणि पुण्याजवळ खडकीच्या मोठ्या दफनभूमीत नेऊन नीट ओळीत पुरायची, हे त्यांचं काम. दोन वर्षं ते हेच करत होते. त्यांचा चेहरा पाहून मला माझ्या दमण्याची जरा लाज वाटली.

मोदुमगुड्याच्या नाल्याकाठी लढाईच्या दिवसांत गोऱ्या पलटणीची छावणी होती. ब्रह्मदेशाच्या रानात लढायचं म्हणून आमच्या रानात सराव. त्यातले चौघे लढाईचं तोंडही न बघता इथेच हिवतापाने गेले. छावणी उठली, चार कबरी राहिल्या. वर लावलेले लाकडी क्रूस वाळवीने दोन-तीन पावसाळ्यांत फस्त केले. मला वाटलं होतं, झुडपं तोडून जागा शोधण्यातच दिवस जाईल.

जागा शोधावी लागलीच नाही. बांबूचं कुंपण घातलेलं, आतली जमीन झाडून लख्ख केलेली, चारही उंचवट्यांवर ताजी मोहफुलं ठेवलेली.

"हे कोण बघतं?" सुभेदारांनी विचारलं.

"सरकार नाही, एवढं नक्की," मी म्हणालो.

कुंपणापाशी सगळं गाव उभं होतं. पुढे पोचू, गावाचा गायता, म्हणजे देवाधर्माचं बघणारा. त्याच्या शेजारी त्याच्या मेलेल्या भावाची बायको, बुधरी. कमरेत वाकलेली, पण नजर अशी की आपणच आधी रामराम करावा. तिच्या हातात एक लहान मडकं होतं. अहेरीहून आणलेल्या मजुरांनी फावडी उचलली, तसा पोचू आडवा आला.

"डिप्टीसाहेब, हाडं न्या. आमी अडवत नाई," तो म्हणाला. "पण त्यांचे जीव आमच्या घरी हायेत. हाडं तिकडे अन् जीव इकडे, असं नाई चालत. गावाले भोवते."

हे ऐकून मी कपाळाला हात लावला. आता सुभेदारांना हे समजावून सांगणं आलं. या लोकांत माणूस पुरला म्हणजे काम संपत नाही. त्याचा जीव बाहेर भटकत असतो, त्याला घरी आणावं लागतं. घरच्यांनी नाल्यावर जायचं, पाण्यात मडकं धरायचं आणि मेलेल्याला हाक मारायची. मडक्यात मासोळी शिरली की जीव आला. मासोळी परत पाण्यात सोडतात, तिच्या नावाने नाल्यातला एक गोटा उचलतात आणि घरी पूर्वजांच्या कोपऱ्यात ठेवतात. मग त्या माणसाला घर मिळालं, रोजचा घास मिळाला.

या चौघांना न्यायला कोणी येईल म्हणून गावाने वाट पाहिली. साहेबलोकही आपल्या पोरांना असं उघड्यावर कसे टाकतील, असं त्यांना वाटायचं. लढाई संपून दोन वर्षं झाली तरी कोणी फिरकलं नाही. तेव्हा बुधरीनेच हट्ट धरला आणि गावाने, नावं ठाऊक नव्हती म्हणून, त्या चौघांना मिळून एकच हाक मारून आपल्या घरी आणलं. परक्या मुलखातल्या शिपायांना परस्पर आपल्या कुळात घेऊन टाकलं. ही चूक म्हणायची की काय म्हणायचं, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

मला वाटलं, सुभेदार आता भडकतील. ते मोहाखालच्या दगडावर बसले. "काय करावं लागेल म्हणतात?"

"त्याचा गोटा त्याच्या पेटीत टाकाले लागन," पोचू म्हणाला. "मग जीव अन् हाडं संगं जातीन."

"माझ्या पेटीत एक गोटा जास्त गेला तर कोणाचं काय जातंय," सुभेदार म्हणाले. "आणा म्हणावं."

बुधरीने मडकं खाली ठेवलं. मी डोकावलो. आत नाल्यातले गुळगुळीत गोटे होते, हळदीने पिवळे झालेले. चार हवे होते. होते पाच.

"माणसं चार, गोटे पाच काऊन?" मी विचारलं.

 पोचूने सांगितलं. "त्या दिसी हाक मारली चौघांले, मडक्यात शिरल्या पाच मासोळ्या. वैनी म्हणते, पाचवा बिरजू हाय."

बिरजूला मी ओळखत होतो. बुधरीचा एकुलता एक. झाड कोणत्या अंगाला पाडायचं म्हटलं की त्याच अंगाला पाडणारा. लढाईत ठेकेदार आला आणि कुऱ्हाडीचा हात चांगला असलेली पोरं गाडीत घालून आसामाकडे घेऊन गेला. तिकडे रान तोडून सडक करत होते. टोळीतला सुकलू तेवढा परत आला. त्याने सांगितलं की बिरजूला ताप भरला, त्याला तंबूत ठेवून टोळी पुढे गेली. त्यापुढे काही नाही. बंदूक हातात नव्हती म्हणून तो शिपाई नाही, आणि शिपाई नाही म्हणून त्याला शोधत कोणी येणार नाही. बुधरीने त्याच्यासाठीही नाल्यात मडकं धरलं होतं. एकदा नाही, दर वर्षी. मडकं रिकामंच वर यायचं. आणि या गोऱ्यांना हाक मारली त्या दिवशी एक मासोळी जास्त शिरली.

बुधरी सुभेदारांसमोर येऊन बसली. "साहेब, तुमी तिकडे होते का?"

"होतो, बाई."

"सडकेवर जे मेले, त्याहिले कुठी ठेवलं?"

सुभेदारांनी नाल्याकडे पाहिलं. "सडकेच्या कडेलाच. नीट पुरलं सगळ्यांना."

त्यातलं 'नीट' मला खरं वाटलं नाही. बुधरीला वाटलं की नाही, कळलं नाही. तिने मान डोलावली आणि मडकं जवळ ओढलं.

आता कोणता गोटा कोणाचा, हे ठरवायचं होतं. त्यांची रीत साधी आहे. पानाच्या द्रोणात पाणी घ्यायचं, गोटा समोर ठेवायचा, नाव घेऊन दोन कडांनी तांदळाचे दोन दाणे सोडायचे. तरंगत तरंगत दाणे एकमेकांना भिडले तर तो गोटा त्याच नावाचा. नाही भिडले तर दुसरा गोटा. साहेबांची नावं ठाऊक नव्हती म्हणून इतकी वर्षं हे करता आलं नव्हतं, असं पोचू म्हणाला.

"पण वैनी, बिरजूचं नाव तर ठाऊक हाय ना," तो पुढे म्हणाला. "पयले त्याले हाक मार. त्याचा गोटा निंगला की उरले ते चारही सायबाचे, मंग कोणता कोणत्या पेटीत गेला तरी संगंच जातीन."

मला हे फार पटलं. एका नावात काम फत्ते, आणि उन्हं चढायच्या आत आम्ही मोकळे.

"नाई," बुधरी म्हणाली. "पयले त्यायची नावं."

"काऊन?"

"म्हनलं ना, पयले त्यायची."

मी चडफडलो. म्हातारीचा हट्ट, दुसरं काय. मजूर सावलीला जाऊन आडवे झाले. सुभेदारांनी पहिलं नाव सांगितलं, "हॅरी टॉमकिन्स." पोचूने ते दोन-तीनदा तोंडात घोळवलं आणि 'हारी टामकिन' अशी हाक मारून दाणे सोडले. पहिल्या गोट्याला दाणे लांब लांब गेले. दुसऱ्याला भिडले. सुभेदार उठले, गोटा रुमालात घेतला, पहिली पेटी उघडून तिच्यात ठेवला. मला वाटलं होतं ते हसतील. ते हसले नाहीत. आर्थर पेलचा गोटा लगेच सापडला. जेम्स ओकलीने मात्र रडवलं, दाणे भिडता भिडता फिरायचे. बुधरी प्रत्येक वेळी श्वास धरून बसायची, आणि दाणे भिडले की गोट्यावर हात फिरवून म्हणायची, "जाय बापा, तुह्या मायकडे जाय."

तीन गेले. समोर दोन गोटे राहिले.

"चौथ्याचं नाव?" मी विचारलं.

सुभेदारांनी मान हलवली. "याचं नाव नाही. छावणीचे कागद पुढे कुठे गेले, कोणाला माहीत नाही. तिघांची नावं आणि कोणाची कबर कोणती, ते एका जुन्या पत्रावरून कसंबसं लागलं. याच्या दगडावर 'एक शिपाई' एवढंच येईल."

मी ते पोचूला सांगितलं.  नाव नाही तर त्या एकट्याला हाक कशी मारायची? तो हळूच म्हणाला, "वैनी, आता तरी बिरजूले हाक मार. दोनच तर हायेत. ज्याले दाणे मिळतीन तो आपला, दुसरा सायबाचा."

बुधरीने दोन्ही गोट्यांवर आपले दोन्ही तळवे ठेवले.  ती पोचूशी नाही, माझ्याशीही नाही, त्या द्रोणाशीच बोलल्यासारखी बोलली.

"हाक मारली अन् एकालेही दाणे नाई भिडले, तर?"

  सकाळपासून मी ज्याला हट्ट म्हणत होतो, ती भीती होती. पाचवी मासोळी ही नुसती मासोळीच असली तर? बिरजू अजून तिकडेच, सडकेच्या कडेला, कोणी न बोलावता पडलेला असला तर? रोज ज्या गोट्याला ती घास दाखवत होती तो नुसता नाल्यातला गोटा असला, तर त्या बाईच्या घरात काय उरलं असतं? त्या क्षणी मला त्या द्रोणाला लाथ मारावीशी वाटली.

पोचूने हातातले दाणे खाली ठेवले. "मंग काय करावं म्हणते?"

बुधरीने दोन्ही गोटे उचलून मडक्यात ठेवले.

"दोघंही इथीच राह्यतीन."

"अन् हाडं? ते तर सायेब नेऊन राह्यले. जीव इथी राह्यला तर तो त्रास देईन, वैनी. तुलेच देईन."

"देऊ दे," बुधरी म्हणाली. "पोट्टं मायले त्रास नाई देईन तं कोणाले देईन?"

पोचूने दोघातिघा म्हाताऱ्यांकडे पाहिलं. कोणी हो म्हटलं नाही, पण आडवंही कोणी आलं नाही. मग त्याने द्रोणातलं पाणी मोहाच्या मुळाशी ओतलं आणि मजुरांना हाताने खूण केली. फावडी लागली.

चारही कबरी उकरून होईपर्यंत दुपार उलटली. जमीन लोखंडासारखी झाली होती. सुभेदार स्वतः खड्ड्यात उतरून एकेक हाड पुसून वर देत होते. तीन पेट्यांना कुलपं लागली. चौथीपाशी ते घुटमळले, खड्ड्याच्या कडेची मूठभर माती घेऊन आत टाकली आणि झाकण लावलं. ते त्यांच्या नियमात होतं की नाही, मी विचारलं नाही.

गावच्या बायांनी बांबूचं कुंपण काढायला घेतलं. आता तिथे राखायला काही नव्हतं. बुधरी मात्र त्यात नव्हती. ती मडकं घेऊन घरी जाऊन आली, तेव्हा ट्रक सुरू झाला होता. माझ्या बाजूच्या दाराशी येऊन तिने पानात गुंडाळलेली मोहफुलं माझ्या हातात दिली, वाटेत खायला. मग खिडकीची कड धरून म्हणाली,

"डिप्टीसाहेब, त्या नाव नसलेल्या पोट्ट्याची माय कधी सापडली, तं सायबाले सांगाले लावजा. म्हणा, तुह्यं पोट्टं इथी हाय. एकटं नाई. आताच जेवलं."

मी ते सुभेदारांना सांगितलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"हो म्हणा तिला," ते म्हणाले.

मी हो म्हटलं.