उपरण्याखालचा सौदा

चाकणच्या बैलबाजारात एक म्हण झाली होती: मुलगी बघायला कुणालाही न्या, बैल बघायला हिंदुरावाला न्या. ते हिंदुराव म्हणजे आमचे हे. मी नाव घेत नाही, लोक काय म्हणायचे तेवढं सांगते.

शनिवारी बाजार भरला की हे कडुलिंबाच्या झाडाखाली उभे राहायचे आणि मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला कुणाचा बैल मागच्या पायाने अंग चोरतो, ते तिथूनच सांगायचे. "दात जवळनं बघावं, चाल लांबनं बघावी," असं त्यांचं म्हणणं. "जवळनं लंगडा बैल बी देखना दिसतोय." भाव मात्र कधी तोंडाने बोलायचे नाहीत. दलाल आणि घेणारा दोघेही उपरण्याखाली हात घालणार, एकमेकांची बोटं दाबणार, आणि भोवती गर्दी असताना कुणाला पत्ता न लागता सौदा ठरणार. उपरण्याखाली एकदा बोट दाबलं की फिरवायचं नाही. जो फिरवतो त्याला पुन्हा बाजारात कुणी उभं करत नाही.

धंदा असा झाकून करायचा, त्यामुळे स्वभावही झाकलेलाच. संशय तर यांच्या पाचवीला पुजलेला. गवळी म्हणाला, दुधात पाणी नाही, तर हे विचारणार, मग पाण्यात दूध घातलंस काय. शेजारणीने वाटीभर पुरण पाठवलं तर आधी म्हणणार, आज काय काम काढलंय तिनं. मी हसून सोडून द्यायची. माझ्यावर संशय येत नव्हता तोपर्यंत मला हसू यायचं.

गेल्या वर्षीपासून यांची तहान वाढली. तांब्याभर पाणी प्यायले तरी घसा कोरडाच. अंग उतरलं, कोपरी खांद्यावर लोंबायला लागली. मागच्या अंगणात हे जिथे लघवीला बसायचे, तिथे मुंग्यांची रांग लागली. आणि एका शनिवारी यांनी खात्री देऊन विकून दिलेला बैल चऱ्होलीचा माणूस परत घेऊन आला. बैल चालताना मागचा पाय ओढत होता, आंधळ्यालाही दिसावं इतका. हे म्हणाले, वाटेत मुरगळला असंल. लोकांनी ऐकून घेतलं, पण बबनरावने मिशीवरून हात फिरवला. बबनराव यांचा दलालीतला जोडीदार, पण जोडीदारी पायात पाय घालण्यापुरती.

मुंग्या बघून माझ्या भावाने आम्हाला चिंचवडच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात यांच्या लघवीचे थेंब टाकून ते उकळवलं. निळ्याचं विटकरी तांबडं झालं. "साखरेचा आजार आहे," ते म्हणाले. "गूळ-साखर बंद. आणि रोज सकाळी इंजेक्शन." मला त्यांनी लिंबावर सुई टोचायला शिकवलं, घरी लघवी तपासायला तसली नळी आणि निळं औषधही दिलं. मग यांना विचारलं, "डोळ्यांचा काही त्रास?"

"आमचं डोळं घारीचं हायेत," हे म्हणाले.

"लपवू नका हं काही."

"लपवायला काय हाय."

मी रोज सकाळी सुई उकळायची, ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवलेली बाटली काढायची आणि यांच्या मांडीत टोचायची. आठवड्यातच तहान गेली. मुंग्या गेल्या. नळी चुलीवर धरली तर निळी ती निळीच. मला वाटलं, देव पावला. पण हे दिवसेंदिवस गप्प होत गेले. मी बाटली काढली की हे उठून जवळ यायचे, तिचा वास घ्यायचे. जेवायला वाढलं की म्हणायचे, "आदी तू खा."

"का बरं?"

"सहज."

सहज कोण कुणाला असं म्हणतं. मी त्यांच्यासमोर बसून त्यांच्या ताटातली भाकरी मोडून खाल्ली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं माझ्या हातचं जेवले, आणि आता माझ्या हातात विष दिसायला लागलं. राग आला, तो मी भांड्यांवर काढला.

बाजारात बबनराव यांच्या कानाशी लागलाच होता. "पिंपरीला औषधाचा कारखाना निघालाय भाऊ, त्यांचा माल खपवायचाय. डॉक्टर वैनींच्या भावाचा. इचार करा." ते औषध मुंबईहून येतं, पिंपरीशी त्याचा काडीचा संबंध नाही, हे मी सांगितलं. यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू माझ्या भावाला मी पढवलंय.

मग एके दिवशी म्हणाले, "सुई माजी मी टोचून घीन." बाटली आणि सुई घेऊन रोज गोठ्यात जायला लागले. गोठ्यात कशाला, ओसरी काय वाईट आहे. शिवाय कमरेला काहीतरी फडक्यात बांधलेलं असायचं, मी जवळ गेले की त्यावर हात ठेवायचे. आता संशय मला यायला लागला. चिठ्ठीचपाटी असेल, कुणी बाई असेल, काय काय मनात आलं. रिकामं मन कुठे कुठे जातं.

थोड्या दिवसांनी मागच्या अंगणात मुंग्या परत आल्या. तांब्या पुन्हा रिकामा होऊ लागला. रात्रीच्या भांड्यातली लघवी घेऊन, यांना न सांगता मी नळी चुलीवर धरली. विटकरी तांबडं.

दुसऱ्या सकाळी मी गोठ्याच्या कुडाला डोळा लावला. यांनी सुईत औषध भरलं आणि शेणाच्या पाटीत सोडून दिलं. मग कमरेचं फडकं सोडलं. आत चष्मा. डोळ्याला लावून गोठ्याच्या दारातून लांब रानाकडे बघत उभे राहिले, आणि हसले.

मी आत गेले. यांनी चष्मा काढायचा प्रयत्न केला, पण काडी कानामागे अडकली.

"ह्यो कुठला?"

"पुन्याचा. सहा महिने झाले."

"मला का न्हाई सांगितलं?"

"चष्मा लावनाऱ्या दलालाकडं बैल कोन दाखवील, सांग. बाजारात कळलं तर बबन्या लिंबाखाली उभा ऱ्हाईल."

म्हणजे डॉक्टरांना सांगितलं नाही ते याच भीतीने. यांनी मला खाली बसवलं आणि बैलाचे दोष मोजावेत तसं सगळं मोजून सांगितलं. लांबचं दिसेना, म्हणून चष्मा आणला. चष्म्यातून लख्ख दिसायला लागलं. मग तुझ्या डॉक्टरची सुई सुरू झाली आणि पंधरवड्यात त्याच चष्म्यातून सगळं धुरकट. सुई बंद केली, तर परत लख्ख. "हातच्या काकनाला आरसा कशाला," हे म्हणाले. "ती सुईच माजं डोळं खातीया. आता कोन कोनाच्या संगनमतात हाय, ते तू सांग."

यांचं म्हणणं खोटं वाटत नव्हतं, हीच तर पंचाईत. माझ्या हाताने मीच यांना आंधळं करत होते काय? ते अंघोळीला गेले तेव्हा मी चष्मा आणि औषधाची बाटली पदरात घेतली, गुडघा सांभाळत स्टँडपर्यंत चालत गेले आणि चिंचवडची एस.टी. पकडली. डॉक्टर खोटं बोलतोय असं दिसलं असतं, तर मी ती बाटली त्याच्याच टेबलावर फोडणार होते.

डॉक्टरांनी चष्मा बघितला आणि कपाळाला हात लावला. "म्हणून मी विचारलं होतं, लपवू नका," ते म्हणाले. "डोळ्यात एक भिंग असतं. साखर वाढली की ते फुगतं आणि लांबचं अंधूक दिसतं. यांनी चष्मा घेतला तो फुगलेल्या डोळ्याच्या मापाचा. पाय सुजलेला असताना वहाण बेतली, तर सूज उतरल्यावर ती ढिली होणारच की नाही? साखर उतरली, भिंग मूळ मापावर यायला लागलं, म्हणून चष्मा बिघडला. औषध बंद केलं, डोळा परत फुगला, चष्मा परत बसला."

"मंग आता?"

"चष्मा ठेवून द्या. इंजेक्शन रोज. महिना-दीड महिना धूसर दिसेल, जवळचंसुद्धा. साखर एका जागी राहिली की डोळा ठरेल. तेव्हा परत तपासू, लागला तर नवा चष्मा. पण साखर अशीच राहिली, तर डोळ्याच्या आतला पडदा जातो. मग जगातला कुठलाच चष्मा चालत नाही, बाई."

परत येताना मी एकच विचार करत होते, यांना पटवायचं कसं. माझ्या बोलण्यावर विश्वास नाही, डॉक्टरवर नाही, आणि स्वतःच्या डोळ्यांवर मात्र आहे, जे या वेळी फसवत होते. संशयी माणसाला जितकं समजवावं तितकी त्याची खात्री पटते की कुठंतरी पाणी मुरतंय.

घरी आले तर हे ओसरीवर बसलेले. मी सगळं सांगितलं. हे म्हणाले, "डॉक्टर हुशार हाय." म्हणजे काही पटलं नव्हतं.

मी त्यांच्या खांद्यावरचं उपरणं ओढलं, त्यांच्या हातावर टाकलं आणि खाली माझा हात घातला. हे चपापले. बायका त्यात हात घालत नाहीत. पण माझा बाप राजगुरुनगरच्या बाजारात दलाल होता आणि लहानपणी मला मांडीवर बसवून त्याने बोटांची भाषा शिकवली होती. लग्नानंतर मी ती कुणाला दाखवली नव्हती.

"सुई मी टोचनार, चष्मा पेटीत," मी म्हणाले, आणि आधी पाचही बोटं दाबली, मग एक. सहा बाजार, म्हणजे सहा शनिवार.

यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग माझी तीन बोटं दाबली.

मी परत पाच आणि एक दाबलं. "तवर लांबचं दिसलं न्हाई, तर सुई मी माज्या हातानं विहिरीत टाकीन. माज्या भावाचं तोंड बघनार न्हाई."

बराच वेळ हात तसेच राहिले. यांची बोटं गार पडली होती, त्यावरून मला कळलं की हे घाबरलेत. विषाला नाही, आंधळं होण्याला. इतके दिवस मला ते कळलं नव्हतं. शेवटी यांनी पाच दाबली, आणि एक.

पुढचे शनिवार वाईट गेले. लांबचं धुरकट होतंच, आता जवळचंही पुसट झालं. बैलाचे दात यांना दिसेनात, तोंडात बोट घालून चाचपून बघायचे. बबनराव सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचा, "भाऊ, दात मोजताय का घासताय?" घरी येऊन हे माझ्यावर चिडायचे. सुई टोचताना माझ्या हाताकडे टक लावून बघायचे, बाटलीतलं औषध उजेडात धरायचे. एकदा म्हणाले, "तुला आन् तुज्या भावाला माजी जमीन पायजे काय?" मी सुई तशीच हातात धरून रडले आणि मग टोचली. पण एकदाही यांनी मांडी आखडून घेतली नाही. बोट दाबलं होतं ना. यांच्या संशयापेक्षा यांचा सौदा मोठा निघाला.

सहाव्या शनिवारी मी यांची भाकरी घेऊन बाजारात गेले. एरवी जात नाही, पण घरात चित्त ठरेना. मैदानाच्या त्या टोकाला हे लिंबाखाली उभे होते, शेजारी बबनराव. मी बैलांच्या रांगांमधून चालत निघाले. हे माझ्याकडे बघतायत, हे मला अर्ध्या वाटेवरच जाणवलं. पोचले तेव्हा त्यांची नजर माझ्या तोंडावर नव्हती, पायांवर होती.

"उजवा गुडगा," हे म्हणाले. "कवापासनं?"

"गेल्या वर्सी विहिरीच्या पायरीवरनं घसरले, तवापासनं."

"बोलली का न्हाईस?"

"तुमी समद्या चाकनच्या बैलांचं लंगडनं सांगता. मला वाटलं, माजं बी दिसतंय, पर तुमाला इचारायचं न्हाई."

वर्षभर पोटात ठेवलेलं ते मी त्या गर्दीत बोलून गेले. यांनी माझ्या गुडघ्यावरून नजर वर उचलली. मग म्हणाले, "मला दिसत नव्हतं, गोजे. वरीस झालं, मला लांबचं काईच दिसत नव्हतं."

बबनराव हाताच्या अंतरावर उभा होता. त्याने ऐकलं. यांनी आवाज खाली केला नाही.

मग माझ्या हातातलं भाकरीचं फडकं यांनी स्वतःकडे घेतलं आणि म्हणाले, "सोमवारी गाडी जुपतो. तुला डॉक्टरला दाखवू."

"कुठल्या डॉक्टरला?"

"त्योच की, चिंचवडचा," हे म्हणाले. "पर मी समोर बसनार. त्यो काय करतोय, ते मला बघायचंय."