हिरव्या पानाची जोडी

मुबशिराच्या दुकानात हिरव्या पानाचा 'निसर्गस्नेही' शिक्का मारलेल्या चपला यंदा हातोहात खपत होत्या. बाभळीच्या सालीत कमावलेल्या कातड्याच्या जोड्या, ज्या तेल पाजून, तळ बदलून वर्षानुवर्षं चालतात, त्या फळीवर धूळ खात पडलेल्या. शिक्क्याची जोडी निव्वळ रेक्झिनची, म्हणजे प्लास्टिकचीच. तुटली की शिवताही यायची नाही. हा शिक्का तिचा भाऊ काशिफ छापून घेऊन आलेला. "लोकांना ह्येच पायजे की," तो म्हणायचा, आणि मुबशिराचं डोकं फिरायचं. पण त्या चपला विकणारी तीच, म्हणून स्वतःचाही संताप यायचा.

आज इरावतीताई आल्या, नेहमीचं गिऱ्हाईक. दारातल्या 'जुनी जोडी परत करा' लिहिलेल्या पेटीत त्यांनी तुटकी जोडी टाकली, समाधानानं हात झटकले आणि नवी मागितली. "चामडं नकोच बाई. निसर्ग आपण नाही जपायचा तर कोणी?"

मुबशिरानं दातओठ खाल्ले. तेवढ्यात मागच्या बोळातून काळा धूर आत घुसला. इरावतीताईंनी ओढणी नाकाला लावली.

"शी! प्लास्टिक कोण जाळतंय? लाज कशी वाटत नाही लोकांना!"

"काशिफ जाळतोय," मुबशिरा कडाडली. "ह्याच पेटीतल्या चपला हायत त्या. तुमची मागची जोडीबी त्यातच हाय."

तिनं पेटीतली तुटकी जोडी उचलली आणि ताईंच्या हातात कोंबली.

"चला मागं. ही तरी स्वतःच्या हातानं जाळा."