न मागवलेलं वाण

फोन आला तेव्हा शैलजाताई मेथी निवडत होत्या. पलीकडच्या माणसाने नमस्कार-चमत्कार काही केला नाही. "आंटीजी, बहत्तर डिब्बों का पेमेंट बाकी है. बत्तीस हजार चार सौ. कब भेज रहे हो?"

"कौन से डिब्बे? हमने तो कुछ मँगाया नहीं."

"मँगाया नहीं तो बाँटे क्यों?"

शैलजाताईंच्या हातातली जुडी हातातच राहिली. कारण डबे वाटले होते, ही गोष्ट खरी होती.

हे डबे आले कसे, ते आधी सांगायला हवं. होळकरांच्या गावात, कृष्णपुऱ्याच्या मागे, मराठी बायकांचं एक मंडळ आहे. संक्रांतीनंतर तिथे हळदीकुंकू होतं आणि वाणाच्या वस्तू दर वर्षी कुणी ना कुणी नाव न सांगता पाठवतं. रिक्षातून खोकं येतं, वर फक्त 'हळदीकुंकवासाठी' एवढंच लिहिलेलं. कुणी पाठवलं हे विचारायचं नाही. विचारलं तर देणारीचं पुण्य जातं, अशी जुन्या बायकांची समजूत. ज्यांना पुण्याचं फारसं पडलेलं नाही त्यांनाही ही रीत आवडते, कारण मग कुणाचं वाण भारी आणि कुणाचं हलकं ही चर्चा टळते. यंदा तीन खोकी आली. आत स्टीलचे कप्प्यांचे डबे, चांगले जाड, झाकणाला क्लिप. शैलजाताई मंडळाच्या सचिव. त्यांनी टेम्पोवाल्याच्या कागदावर सही केली, मनातल्या मनात देणारीला हात जोडले आणि खोकी कपाटात ठेवून दिली. दुसऱ्या कुणी विचारलं असतं, बाबा रे, पाठवलं कुणी? इथे न विचारणं हाच शिष्टाचार.

आणि खरं सांगायचं तर त्यांना विचारायचंही नव्हतं. मंडळात बायका बहात्तर. त्यातल्या सतरा विधवा, सचिवबाई स्वतः धरून. या सतरा जणी हळदीकुंकवाच्या दिवशी सतरंज्या घालायच्या, दूध आटवायच्या आणि कार्यक्रम सुरू व्हायच्या आत घरी जायच्या. डिसेंबरच्या मीटिंगमध्ये शैलजाताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, यंदा वाण सगळ्यांना. विरोध कुणीच केला नाही. तोंडावर विरोध करायला हिंमत लागते. अध्यक्ष भानुमती वहिनीसाहेब एवढंच म्हणाल्या, "माझं काही नाही हो. पण वाण दर वर्षी पंचावन्नच येतं. पुरायला नको?" वहिनीसाहेबांच्या सासरचे लोक होळकरांच्या दरबारातले मानकरी. त्यांचं 'माझं काही नाही' म्हणजे शेवटचा शब्द. आणि मग ही खोकी आली. शैलजाताईंनी डबे मोजले, बहात्तर भरले. पुन्हा मोजले. पुरत नाही ही सबब आता कुणालाच सांगता येणार नव्हती.

त्या सतरा जणींत कस्तुरी सगळ्यात लहान, चौतीस वर्षांची. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. सिमरोलला इंजिनियरिंग कॉलेजच्या मेसमध्ये ती काम करते. शैलजाताईंनी तिच्या कपाळाला कुंकू लावून हातात डबा ठेवला, तेव्हा ती 'थँक्यू' म्हणाली, मग स्वतःच ओशाळली आणि वाकून नमस्कार केला. दुसऱ्या दिवसापासून ती तोच डबा घेऊन सिमरोलच्या बसमध्ये दिसू लागली.

आणि आता हे बिल. मंगलघट सेल्स नावाची कुठली कंपनी, तिचा दिवसाला सात-आठ वेळा फोन. एक नंबर बंद करावा तर दुसऱ्यावरून. न मागता माल गळ्यात मारायचा आणि वर दमदाटी करायची, चोर तो चोर वर शिरजोर! पण या लोकांनी बाई चुकीची निवडली होती. शैलजाताईंनी एकतीस वर्षं वीज बिलाच्या खिडकीमागे काढली होती. ओरडणारे, रडणारे, टेबलावर हात आपटणारे, सगळे नमुने त्यांनी पचवले होते.

तिसऱ्या आठवड्यात कंपनीचा वसुलीवाला दारात आला. परेश त्याचं नाव, बगलेत फाईल. गल्लीला ऐकू जावं म्हणून तो पायरीवरूनच सुरू झाला. "आंटीजी, इज्जतदार घर है आपका. मोहल्ले में अच्छा लगेगा क्या?"

शैलजाताईंनी दार सताड उघडलं. "थोडा जोर से बोलो भिया. सामनेवाली भाभीजी को कम सुनाई देता है."

परेशचा आवाज खाली आला. त्याने फाईलमधून कागद काढला. "ये साइन आपकी है?"

"मेरी है. ऊपर क्या लिखा है, पढ़ो. 'माल प्राप्त हुआ.' मिला, ये लिखा है. मँगाया, ये कहाँ लिखा है?"

"ऑर्डर फोन पे हुआ था."

"किसने किया? कौन से नंबर से, कौन सी तारीख को?"

परेश फाईल चाळत राहिला. शैलजाताईंनी त्याला चांगली दोन मिनिटं चाळू दिली. मग म्हणाल्या, "मीटर लगाया नहीं और बिल भेज दिया? इकत्तीस साल में ऐसा बिल मैंने नहीं देखा."

जाता जाता तो पुटपुटला, की जवळच्याच बेटमा गावच्या मंडळाने तर आठ दिवसांत पैसे भरले, त्यांनी नाही एवढी कटकट केली. म्हणजे हा यांचा धंदाच होता. मंडळं छापतात ते वार्षिक अंक मिळवायचे, मागच्या पानावरची सदस्यसंख्या आणि पत्ता बघायचा, तेवढा माल धाडायचा. बायका अब्रूला घाबरून भरतात, हे त्यांना ठाऊक. शैलजाताईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

हे दार उघडेना म्हटल्यावर परेशने दुसरं ठोठावलं. त्याने वहिनीसाहेबांना फोन केला. केस होईल, पेपरात मंडळाचं नाव येईल, अध्यक्ष म्हणून आधी तुमचंच. वहिनीसाहेबांनी रविवारी तातडीची मीटिंग लावली. शैलजाताई हॉलवर पोचल्या, तर बाहेर रिकामा टेम्पो उभा आणि आत पुढच्या खुर्चीवर परेश चहा पीत बसलेला.

"मी मार्ग काढला आहे," वहिनीसाहेब म्हणाल्या. "कंपनी समजूतदार आहे. सतरा डबे परत द्यायचे. उरलेल्यांचे निम्मे पैसे मंडळाच्या फंडातून. विषय संपला."

"सतराच का?" शैलजाताईंनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं, तरी ते त्या तोंडून ऐकायचं होतं.

"अहो, ते तसेही जास्तीचेच होते ना."

पन्नासएक बायका मूग गिळून बसल्या होत्या. मागच्या रांगेत कस्तुरी उठली आणि मान खाली घालून पिशवीची चेन उघडू लागली. "देऊन टाकते मी, काकू. आमच्यावरून कशाला झगडा?"

शैलजाताईंना एवढा संताप आयुष्यात आला नव्हता. परेशचा नाही, तो पोटासाठी भुंकत होता. संताप या गोष्टीचा, की कस्तुरीला हे आधीपासून माहीत असल्यासारखं दिसत होतं. कधी तरी कुणी तरी परत मागणारच, हे धरूनच तिने तो डबा वापरला होता.

"ती पिशवी बंद कर," त्या म्हणाल्या. मग पुढे वळल्या. "वहिनीसाहेब, द्यायचेच असतील तर पहिला तुमचा डबा द्या."

"माझा?" वहिनीसाहेब दचकल्या. "काहीतरीच काय! वाण आहे ते. कुंकू लावून घेतलेलं. ते परत करतं का कुणी?"

"मग यांना मी काय दिलं होतं? यांच्या कपाळाला पण कुंकू लावूनच दिलं, याच हातांनी. तुमचं ते वाण आणि आमचा तो डबा?"

वहिनीसाहेबांची नजर कस्तुरीच्या पिशवीकडे गेली.

"या फ्रॉड लोकांनी आपल्या अंकाचं मागचं पान बघितलं आणि बहात्तर डबे पाठवले," शैलजाताई म्हणाल्या. "लबाडाला पण इथे बहात्तर बायका दिसल्या. आपल्याला इतकी वर्षं पंचावन्नच दिसून राहिल्या." मग परेशकडे वळून, "भिया, चाय पी ली ना? एक डिब्बा नहीं मिलेगा. एक रुपया नहीं मिलेगा. जाओ."

परेशने उठता उठता मालकाला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला. मालकाचा आवाज तुपकट. "केस कर देंगे मैडम. फिर मत कहना."

"करो," शैलजाताई म्हणाल्या. "तारीख पे हम सब आएंगी. बेटमावालियों को भी बुला लेंगी. जज साहब को बताएंगी कि तुम्हारी दुकान कैसे चलती है."

"सब मतलब कितनी?" मालक हसला. "आप और दो-चार?"

शैलजाताईंना आकडा सांगता येईना. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. कोण येणार, कोण ऐन वेळी पाहुण्यांचं कारण सांगणार, त्यांना खरोखर माहीत नव्हतं. सतरा जणी नक्की येतील. पण सतरा म्हटलं, तर वहिनीसाहेबांनी केलेली वाटणी त्यांनीच कबूल केल्यासारखं होणार होतं.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. वहिनीसाहेब उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू पुढे आल्या. "माझा डबा माझ्या हातून निघाला नसता," त्या शैलजाताईंना हलक्या आवाजात म्हणाल्या. "आणि या पोरीचा मी मागायला निघाले. लाज कशी वाटली नाही मला, कोण जाणे."

त्यांनी परेशच्या हातातून फोन घेतला, पदर सावरला आणि सासरच्या जुन्या अदबशीर हिंदीत बोलल्या, "सुनिए. बहत्तर औरतें आएँगी. बैठने का इंतजाम आप कीजिएगा."