राजीखुशीचा कागद

१९५६ साल होते. भोईवाड्यातल्या चाळीत कुशाबा छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला होता आणि त्याची बायको सुभद्रा परळच्या एका गिरणीत कांडीखात्यात सुताच्या कांड्या भरून घर चालवीत होती. तिला सातवा महिना सरत आला होता.

त्या सकाळी कामाच्या पाळीआधी खात्यातल्या बायकांवर देखरेख करणारी नायकीण गंगुबाई आली. दार लावून तिने सुभद्रेच्या पोटाभोवती जुन्या लुगड्याचा पट्टा आवळला.

"जरा सैल बांध गो काकी. श्वास घेववत नाही."

"सैल ठेवलां तर साहेबाक दिसतला. मग उद्यापासून तुका काम नाय."

दुपारी सुभद्रा मशीनपाशी कोसळली. इस्पितळात मूल जन्मले ते मेलेलेच. मुलगी होती.

आठव्या दिवशी सुभद्रा घरी आली. गंगुबाई तिला पेज भरवीत असताना गिरणीचा कारकून श्यामकांत कागद घेऊन आला. नजर वर न करता त्याने वाचून दाखवले, 'मी गेल्या महिन्यात राजीखुशीने काम सोडले आहे.'

"बाई, अंगठा द्या. पुढे बदली कामगार म्हणून घेऊ, असं साहेब म्हणालेत. गंगुबाई, तुम्ही नेहमीप्रमाणे साक्षीला."

"गेल्या महिन्यात?" कुशाबा अंथरुणातून म्हणाला. "ती तर पडली त्या दिवशीपर्यंत कामावर होती."

"ह्या कागदान काय होता रे?" गंगुबाईने विचारले.

श्यामकांत घुटमळला. "काम सोडलेलं दाखवलं, की बाळंतपणाचा भत्ता द्यावा लागत नाही."

"कसलो भत्तो?"

मग त्याने सांगितले. गरोदर कामगार बाईला रजा आणि भत्ता द्यावा, असा सरकारचा कायदा होता. कित्येक वर्षे होता.

गंगुबाईने वाडगा खाली ठेवला. अशा नऊ कागदांवर तिने साक्ष दिली होती.

"म्हणजे बायकांची पोटां मी उगाच आवळलंय," ती हळू आवाजात म्हणाली. "साहेबाक सांग, गंगुबाय साक्ष देवची नाय."

"तुमची नोकरी जाईल."

"जावंदे."

सुभद्रेने हात पदराखाली घेतला. "कायदा होता, भाऊ, तर आम्हांला कुणी सांगितला का नाही?"

श्यामकांतने कागदाची घडी केली आणि तो जिना उतरून गेला.

दुसऱ्याच दिवशी गंगुबाईला गिरणीच्या फाटकावर अडवले. त्या संध्याकाळी मैदानात संयुक्त महाराष्ट्राची सभा होती. कष्टकऱ्यांचे राज्य येणार, असे वक्ते सांगत होते आणि सारी चाळ तिकडे लोटली होती. गंगुबाई मात्र त्या नऊ बायकांची घरे शोधत निघाली. प्रत्येक दारात तिने आधी आपला गुन्हा सांगितला आणि मग कायदा.

पाचव्या घरच्या बाईने सारे ऐकून घेतले आणि दार लावले. गंगुबाई बंद दारापुढे थोडा वेळ उभी राहिली. मग पदराने डोळे पुसून ती सहाव्या घराकडे चालू लागली.