आत्या आली नाही

पोरीच्या कानाची पाळी लोंबत नव्हती. खालच्या टोकापर्यंत ती गालाला चिकटलेली होती, जणू मधली फट पाडायची राहूनच गेली. रंजिताच्या घरात असे कान कोणाचेच नव्हते. तिच्या बापाचे, केवळरामचे कान लांब, आई भागीरथाच्या पाळ्या बाळ्यांनी ओघळलेल्या, रंजिताच्याही मोकळ्या. असे चिकटे कान गावात एकाच घरात होते. रहांगडाल्यांच्या.

रंजिताने धानाच्या खाचराच्या कडेला, धुऱ्यावरच्या येनाच्या झाडाला जुन्या लुगड्याची झोळी बांधली होती. पोर पाच महिन्यांची होत आली तरी तिला नाव नव्हतं. कोणी चिमी म्हणायचं, कोणी नुसतंच बाई. नाव आत्याने ठेवायचं असतं. आत्या म्हणजे बापाची बहीण, आणि बापानेच जिथे तोंड फिरवलं तिथे त्याची बहीण कुठून येणार? आत्या आली नाही, पाळणा झाला नाही.

"वं रंजे, झोळीत तूच झोपली का?" फुलवंता काकी बांधीतून, खाचरातल्या चिखलातून ओरडली. "नहराचं पाणी आज हाये, उद्या कोणाच्या बांधीत जाईन काय सांगता येते? ये लवकर!"

रंजिता पाण्यात उतरली. पाऊस कधीचा दडी मारून बसला होता. चोरखमाऱ्याच्या नहराला, तलावाच्या कालव्याला पाणी सुटलं म्हणून रोवणी चालू होती, नाहीतर परे, म्हणजे धानाची रोपं, जागेवरच पिवळी पडली असती. वर ऊन आणि खाली कोमट पाणी. चिखल पायाला धरून ठेवायचा. बाया वाकून धान रोवत मागे सरकत होत्या, आणि हातापेक्षा तोंडं जास्त चालत होती.

"काऊन वं भागीरथा," फुलवंता म्हणाली, "नातीचं नाव कई ठेवता? बी कोणाचंही असना, धान त बांधीवाल्याचंच राहते."

"बांधी तरी कोठी हाये बाई आमची?" भागीरथा वाकल्यावाकल्या म्हणाली. "आमी त मजूर."

बाया हसल्या. भागीरथा हसली नाही.

केवळराम पऱ्यांच्या पेंड्या कावडीने आणून टाकत होता. रंजिता पोटुशी असल्याचं कळलं त्या दिवसापासून तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. पेंडी टाकतानाही तो तिच्या बाजूला टाकायचा नाही. इतर बायांजवळ टाकायचा, तिने चार पावलं चालून घ्यायची.

धुऱ्यावरून हर्षा आली. अंगणवाडीची बाई. साडी हातात धरून, चपला काखेत मारून.

"रंजिता, ग्रामसेवक बसून राहिला पंचायतीत. जनमाच्या नोंदीत नाव चढवाचं हाये. आता तरी चाल."

"थांब ना ताई अजून थोडं."

"किती थांबाचं? बापाचं नाव नसलं तरी चालते. आईचं लावता येते. मी इचारूनच येऊन राहिलो."

रंजिता पुन्हा वाकली. आईचं लावता येतं, हे तिला ठाऊक होतं. पण आपल्या बापाचं आडनाव 'शहारे' लिहिलं की 'रोशन येणार नाही' हेही लिहिल्यासारखंच झालं. तालुक्याच्या कॉलेजला जाताना ती आणि रहांगडाल्यांचा धाकटा रोशन एकाच बसमध्ये उभे राहायचे. लग्न करू म्हणाला होता. मग रायपूरला कामाला गेला, आधी फोन करायचा, नंतर नंबरच बंद. तरी ती लावून पाहायची. तो परत येईपर्यंत नोंदीत जागा मोकळी ठेवलेली बरी, असं तिने मनाशी धरलं होतं. बाकी काही आपल्या हातात उरलं नव्हतं.

तेवढ्यात फुलवंता पुटपुटली, "अगं बाई. थे पाहा कोण येऊन राहिली."

छत्री घेऊन देवकाबाई येत होती, रोशनची आई. बायांचे हात थांबले. देवकाबाई कोणाशी बोलली नाही. थेट झोळीशी गेली, लुगडं बाजूला केलं, आणि तिचा हात आपोआप पोरीच्या कानाला लागला. पाळीवरून अंगठा फिरला. तिथेच तो बराच वेळ राहिला.

रंजिता आणि भागीरथा चिखलाच्या पायांनी वर आल्या. हर्षा बाजूला उभी राहिली.

"रोशनचं लगन जमलं," देवकाबाई हळू आवाजात म्हणाली. "थो येत नाई आता. तू वाट नोको पाहू."

रंजिताने झाडाला हात टेकला.

"पन पोरगी आमचीच हाये, मले दिसून राहिलं. मोठा ओमेश हाये ना रायपूरले, त्याले लेकरू नाई. पोरगी त्याले दे. रहांगडाले आडनाव लावतो. शाळा, कपडा, कशाले कमी पडनार नाई."

"आन आई कोन म्हनून सांगान?"

"ओमेशची बायको."

"आन मोठी झाल्यावर कोनी सांगतलंच त?"

देवकाबाईने छत्रीचा दांडा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "आई मेली म्हनून सांगाचं."

"दे वं पोरी," भागीरथा एकदम म्हणाली. "दे. पक्क्या घरात वाढन. इथं हिले जलमभर लोक इचारतीन, कोनाची म्हनून. तू काय सांगशील? आमी आज हाओत, उद्या नाई."

झोळीत पोर कुरकुरली. रंजिताच्या छातीला दूध दाटलं, पोलकं ओलं झालं. ज्या आडनावासाठी तिने एवढे दिवस जागा मोकळी ठेवली होती, ते आज चालत धुऱ्यावर आलं होतं. घ्यायला तिचा हातही पुढे होत होता.

"मी रायपूरले येत जाऊ का?" तिने विचारलं. "आई म्हनून नाई. कामवाली म्हनून. भांडे घासतो, झाडूपोछा करतो. तिले हातही नाई लावत. दुरून पाहातो."

"नाई माय." देवकाबाईचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. "लेकराचं तोंड आईकडे वळतेच. आज पाहाले येशील, उद्या मागाले येशील. तोडाचं त एकदाच तोडाव."

रंजिता बांधीकडे वळली. केवळराम कावड खांद्यावर घेऊन पाण्यात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"बाबा," ती म्हणाली. "तुमचं आडनाव लावतो मी. नाई म्हनाचं असन त आत्ता म्हना. माझ्याशी नोका बोलू. पन हिच्यासाठी बोला."

पाणी धुऱ्याच्या फटीतून खालच्या बांधीत झुळझुळत होतं.

केवळरामने कावड पाण्यातच उतरवली. तो वर आला. देवकाबाईच्या शेजारून गेला, तिच्याकडे न पाहता. ऊन सरकून झोळीवर आलं होतं. त्याने डोक्याचा दुपट्टा सोडला आणि फांदीवरून आडवा टाकला.

"पोरगीले ऊन लागून राहिलं," तो म्हणाला.

एवढंच. ते कोणाला म्हटलं ते कळलं नाही. मग पुन्हा खाली उतरून त्याने कावड उचलली.

भागीरथा मटकन धुऱ्यावर बसली आणि पदरात तोंड घालून रडू लागली. देवकाबाई छत्री धरून उभीच होती, जायचं की थांबायचं ते तिला ठरवता येत नव्हतं.

"ताई, कागद पेन हाये ना?" रंजिताने हर्षाला विचारलं.

"नाव आत्या ठेवते," देवकाबाई घाईने म्हणाली. "असं उभ्या उभ्या..."

"आत्या आली नाई," रंजिता म्हणाली. आणि मग चार बांध्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "लिव ताई. संघमित्रा. मधात माझं नाव, रंजिता. आन आडनाव शहारे."